कचऱ्याचा तीन मजली माठ: चौदा महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायचा हा माठ घ्या, त्याच्यासोबत विकतात ती पावडर घेऊ नका. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण मी घेण्याआधी जे जे अभिप्राय वाचले ते सगळे माठ आल्यावर पंधरा दिवसांत लिहिलेले होते. पंधरा दिवसांत कुणाचाही माठ छानच असतो. त्याची खरी परीक्षा जुलैत होते.

मी मुलुंड पूर्वेला राहते. कचरा हा आमच्याकडे घरबसल्या कळणारा विषय. 2018 मध्ये मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड बंद झालं, तोवर वारा फिरला की खिडक्या लावून घ्यायच्या हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. आता गाड्या कांजूरला जातात आणि नाक मुठीत धरायची पाळी तिकडच्यांवर आली. आमच्याकडेही अधूनमधून झुळूक येतेच. आपण बांधून दिलेली पिशवी कुठेतरी जाऊन उघडते, हे मुलुंडकराला वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरं म्हणजे मी पोस्टातून निवृत्त झाले. 34 वर्षं काउंटरला बसून पार्सलं तोलली. वजन केल्याशिवाय मला कशावरही विश्वास बसत नाही. म्हणून माठ मागवण्याआधी मी आठवडाभर ताणकाट्यावर घरचा ओला कचरा तोलला. पाच माणसं, त्यातलं एक साडेचार वर्षांचं. सरासरी आली रोज 620 ग्रॅम. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, केळ्याची सालं, पोरानं अर्धवट टाकलेली पोळी. आमरसाच्या दिवशी कोयी धरून 1 किलो 900. सुनेनं वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही ह्याला पिनकोड पण टाका आता."

तर गेल्या वर्षी गुढीपाडव्याला मागवला. किंमत 2,750 रुपये, घरपोच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असे माठ विकणारे आता बरेच आहेत आणि माझी भांडणं पुढे येणारच आहेत.

वस्तू काय आहे ते सांगते. एकावर एक बसणारे भाजक्या मातीचे तीन माठ आणि वर झाकण. वरच्या दोघांना बूड नाही, तिथे काथ्याची जाळी विणलेली. अंगाला बोटाएवढी भोकं. सगळ्यात खालचा बुडाचा. जाळीवर वर्तमानपत्र अंथरायचं, वरच्या माठात रोजचा ओला कचरा टाकायचा आणि त्यावर सुकं काहीतरी पसरायचं. माठ भरला की तो मधे घ्यायचा, मधला रिकामा वर. दुसराही भरला की पहिल्यातला अर्धा झालेला माल खालच्यात ओतायचा आणि तिथे मुरू द्यायचा. वीज नाही, मोटर नाही, बिघडायला काही नाही. आमच्याकडे एक माठ भरायला साधारण महिना लागतो, कारण कचरा बसत जातो. भाजीपाल्यात पाणीच जास्त. सोमवारी काठोकाठ भरलेला माठ शुक्रवारी चार बोटं खाली गेलेला असतो. पहिलं तयार खत हातात यायला मला 96 दिवस लागले.

पॅकिंगबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, म्हणून बोलते. कचरा कमी करायची वस्तू थर्माकोलच्या लाद्या, बुडबुड्यांचं प्लास्टिक आणि तीन थर चिकटपट्टीत बांधून आली. सगळं काढून तोललं: थर्माकोल 340 ग्रॅम, प्लास्टिक 410. थर्माकोल आमचा भंगारवाला हातात धरत नाही. "मावशी, ह्याला वजनच नाय, टेम्पो भरला तरी दहा रुपये नाय," हे त्याचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. पूर्वी चिनी मातीच्या बरण्या पेंढ्यात बांधून यायच्या. तो पेंढा मी माठातच घातला असता.

आणि इतकं करून मधला माठ फुटका. फुटका म्हणजे डोळ्यांना दिसेल असा नव्हे. उन्हाळ्यात पाण्याचा माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तशी मारली. वरचा टणटण वाजला, खालचाही. मधला बद्द बोलला. उजेडात धरल्यावर काठापासून खाली गेलेली केसाएवढी रेघ दिसली. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ती हेअरलाइन आहे, मातीच्या वस्तूत असं असतंच." मी त्याला म्हटलं, माझ्या आईच्या घरी चूल, रांजण, खापर सगळं मातीचं होतं, मला नको शिकवूस. बदली माठ मात्र आला नाही.

पहिले तीन महिने दृष्ट लागण्याजोगे गेले. एप्रिल-मे म्हणजे मुंबईतही माठ कोरडा राहतो. वास नाही, माशा नाहीत, थोडी चिलटं. सोबत आलेली पावडर रोज ओंजळभर टाकायची. मी शेजारच्या वहिनींना, भिशीतल्या बायकांना, सगळ्यांना माठ दाखवत सुटले.

मग जून लागला. पाच किलोची पावडरीची पिशवी 260 रुपयांची, आम्हाला पाच आठवडे पुरायची. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती संपली, नवी पावसात कुठेतरी अडकली. चार-पाच दिवस मी नुसताच कचरा टाकत राहिले, वर वर्तमानपत्राचे तुकडे. बाहेर हवा अशी की वाळत घातलेला पंचा तिसऱ्या दिवशीही दमट. माठाला बाहेरून घाम फुटल्यासारखं पाणी सुटलं. आतून वास यायला लागला. कुजकट, नाल्यासारखा, बाल्कनीचं दार लावलं तरी स्वयंपाकघरात येणारा. मातीचा माठ झिरपतो, त्यासाठीच तर आपण तो उन्हाळ्यात घेतो. इथे झिरपून तपकिरी पाणी बाल्कनीच्या कडेनं खाली उतरलं ते थेट खालच्या मजल्यावरच्या काकांच्या वाळत घातलेल्या लेंग्यावर. काका सज्जन आहेत. लेंगा घेऊन वर आले, काही बोलले नाहीत, नुसता दाखवला.

त्याच शनिवारी आमच्या वन्सं साताऱ्याहून आल्या. सकाळी सहाला चहा टाकायला मी स्वयंपाकघरात गेले आणि दिवा लावला. बाल्कनीच्या उंबऱ्यापासून गॅसच्या ओट्यापर्यंत अळ्या निघाल्या होत्या. तांदळातल्या नव्हेत. चांगल्या पाऊण इंची, चपट्या, तपकिरी, अंगावर आडव्या वळ्या. सगळ्या एकाच दिशेला, घाई न करता, लोकलमधून उतरलेल्या माणसांसारख्या. मी मोजल्या. सवय. त्रेचाळीस.

मी केरसुणी शोधत होते आणि मागे वन्सं उभ्या. मला वाटलं, आता साताऱ्यापर्यंत बातमी. त्यांनी पदर खोचला, खाली बसल्या, एक अळी बोटावर घेतली आणि म्हणाल्या, "कोंबड्या असत्या तर आज त्यांची दिवाळी होती." मग माठाचं झाकण उघडून आत बघितलं. "अगं, ह्यात सुकं कुठाय? उकिरड्यावर आपण शेण टाकतो, खरकटं टाकतो, पण त्यावर पाचोळा नाही का टाकत? नुसतं ओलं ठेवलंस तर सडणारच की."

कंपनीच्या मदत क्रमांकावर मी त्याच दिवशी फोन केला. त्यांनी सांगितलं, पावडर दुप्पट टाका, आणि किड्यांसाठी आमची दुसरी पावडर आहे, 180 रुपये. वन्सं आतून ओरडल्या, "ठेव तो फोन."

त्या अळ्यांबद्दल एवढं सांगून टाकते, कारण कितीतरी लोकांचा माठ त्या दिवशी अडगळीत जातो. त्या घरमाशीच्या अळ्या नसतात. काळी सोल्जर माशी म्हणून एक लांबट, गांधीलमाशीसारखी दिसणारी पण न चावणारी माशी असते, तिच्या. पूर्ण वाढलेली ती माशी अन्नावर येऊन बसत नाही. अळ्या कचरा झपाट्यानं खातात आणि वाढ पूर्ण झाली की कोश करायला कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. माझ्या ओट्याखाली त्या कोरडी जागा शोधत होत्या. म्हणजे माठात कोरडं काही उरलंच नव्हतं, ही खबर त्यांनीच दिली. त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण माझ्या स्वयंपाकघरात मला त्या नकोत, हेही तितकंच खरं.

वन्सं गेल्यावर मी पावडरीची रिकामी पिशवी उलटी करून वाचली. घटक: नारळाचा भुसा आणि जिवाणू. भुसा म्हणजे काथ्या काढल्यावर उरतो तो. त्याचं काम दोन प्रकारचं. एक, पाणी शोषणं. दुसरं, कर्ब म्हणजे कार्बन पुरवणं. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या, म्हणजे नायट्रोजनच्या, एका भागाला साधारण 30 भाग कर्ब लागतो. भाजीच्या सालांत तो 15-20 च्या आसपास असतो, सुक्या पानांत 50 च्या वर. म्हणून ओल्याच्या जोडीला सुकं हवं. नत्र फार झालं की अमोनियाचा झोंबणारा वास येतो. हवा कोंडली की नाल्याचा. नाकाला दोन्ही ओळखता येतात. आणि हे कर्बाचं काम करायला नारळाचाच भुसा पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. जिवाणूंचं म्हणाल तर जुन्या खताची ओंजळ किंवा आंबट ताकाचा शिपकारा पुरतो.

हिशेब करा. वर्षाला दहा पिशव्या, 2,600 रुपये. म्हणजे दर वर्षी जवळपास एक नवा माठ. कंपनीचा धंदा माठाचा नाहीच, पावडरीचा आहे.

मी आधी मुलुंडच्याच एका लाकडाच्या वखारीतून करवतीचा भुसा आणला. तो चालतो, पण विचारून घ्या. प्लायवूडचा नको, त्यात गोंद आणि रसायनं असतात. मग आमचे झाडूवाले मामा आठवले. सोसायटीतला पाचोळा ते रोज गोळा करून पालिकेच्या गाडीत टाकायचे. म्हटलं, मला द्या. गोणीमागे 30 रुपये आणि चहा ठरला. आमच्या गेटशी विलायती शिरीष आहे, त्याची पानं आयती बारीक, जिरं पसरल्यासारखी पडतात. ह्या कामाला त्याच्यासारखं झाड नाही. जंगली बदामाची पानं मोठी, ती चुरावी लागतात. गोणीचं तोंड बांधायचं आणि नातवाला वर नाचायला लावायचं. आंबा आणि अशोक शक्यतो नको. पानं चिवट, महिनोन्महिने तशीच राहतात.

आता माझं माप असं: एक वाडगं ओलं, तर चुरलेल्या पानांचं एक भरगच्च वाडगं वर. पावसाळ्यात दीड. आठवड्यातून एकदा काठीनं ढवळायचं. मूठभर माल हातात घेऊन दाबायचा. एखाद-दुसरा थेंब निघाला तर बरोबर, धार लागली तर पानं टाका, काहीच निघालं नाही तर पाणी शिंपडा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वास गेला. अळ्या अजूनही असतात, पण माठातच, आपापल्या कामात.

मधला माठ मात्र गणपतीच्या आधी फुटला. त्या रेघेनं शेवटी आपला शब्द खरा केला. कंपनीकडे सुटा माठ 1,100 रुपये अधिक पाठवणी, आणि तो पुन्हा थर्माकोलमध्ये येणार. मी सुतळीनं काठाचा घेर मोजला, गाठ मारली आणि सायनला उतरून धारावीच्या कुंभारवाड्यात गेले.

मुंबईत जन्म काढून मी तिथे पहिल्यांदा गेले, ह्याची लाज वाटली. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वस्ती. नव्वद फुटी रस्त्यावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना घरं आणि मधल्या मोकळ्या जागेत भट्ट्या. नवरात्र तोंडावर होतं, त्यामुळे दारोदारी गरब्याच्या घटांच्या राशी. एका ओट्यावर एक काकी बसून ओल्या घटांना पट्टीनं भोकं पाडत होत्या. भराभर, रेघेवर, एकही वाकडं नाही. मी माझी अडचण सांगितली: बिनबुडाचा माठ, अंगाला भोकं. त्या हसल्या. "मतलब बडा गरबा. नीचे से खुल्ला." मी म्हटलं, अगदी तोच.

त्यांच्या मुलानं माझी सुतळी घेतली, स्वतःच्या सुतळीवर थोडी वाढवून गाठ मारली. मी म्हटलं, अरे, मोठा होईल. तो म्हणाला, "सुकला की कमी होतो, भट्टीत अजून कमी होतो. तुमचा माप भाजलेल्याचा, माझा ओल्याचा." पोस्टात 34 वर्षं मापं घेतली, पण हे गणित मला ठाऊक नव्हतं. भट्टीत काय जाळता विचारलं तर चिंध्या आणि लाकडाचा भुसा. कपड्यांच्या कारखान्यांतून निघणारी कातरण गोण्यांनी येऊन पडलेली होती. टाकाऊ जाळून टिकाऊ करणारी ही भट्टी. धूर मात्र काळाकुट्ट, आणि तो तिथेच राहणाऱ्यांच्या घरात शिरतो. मी अर्ध्या तासात खोकायला लागले.

दहा दिवसांनी माठ तयार. 350 रुपये. मांडीवर घेऊन लोकलनं आणला, बायकांच्या डब्यात सगळ्यांनी विचारलं, गरबा एवढा मोठा? तळाची काथ्याची जाळी मी घरी विणली. टिचकी मारली तर टणटण. काठ किंचित सैल आहे, तिथे सुतळीचे दोन वेढे दिलेत. कंपनीच्या दोन मजल्यांमध्ये कुंभारवाड्याचा एक मजला असा माझा माठ आता उभा आहे आणि तिघांत तोच सरस आहे. त्याची भोकं थोडी मोठी असल्यानं हवा चांगली खेळते.

काय घालू नये ह्यावर लोक फार विचारतात. नारळाची शेंडी आणि करवंटी, आंब्याच्या कोयी, हाडं ह्यांना वर्षही पुरत नाही. लिंबाची सालं थोडी चालतात. चहाचा चोथा धुऊन घाला, साखरेनं मुंग्या येतात. आम्ही मासे खाणारे. एकदा कोलंबीची सालं खोल पुरून पाहिली, कुजली व्यवस्थित, पण मांजरानं सलग तीन रात्री ग्रिलमध्ये ठाण मांडलं. तेव्हापासून मासळीचा कचरा हिरव्या डब्यात. देवाची फुलं सगळी माठात. हार असेल तर दोरा काढून, नाहीतर तो दोरा काठीला गुंडाळत बसतो.

एक फायदा मला आधी सुचला नव्हता. ओला कचरा वेगळा गेल्यापासून सुका डबा वास मारत नाही. तो आठवड्यातून दोनदाच काढते. डब्यात अंथरायला पिशवी लागत नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन कोरड्या ठेवते, त्या भंगारवाला किलोनं घेतो. पूर्वी त्याच पिशव्या वरणात बरबटलेल्या असायच्या.

आकडे. चौदा महिन्यांत माठात गेलेला ओला कचरा 231 किलो, वहीप्रमाणे. खत निघालं 41 किलो. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास. मातीच्या तीन भागांना एक भाग मिसळून वापरते. कढीपत्त्याला इतकी पालवी फुटली की वहिनी आता मागायला येत नाहीत, स्वतःच खुडून नेतात. खालच्या काकांना दोन किलो दिलं. त्यांच्या लेंग्याचा डाग निघाला नाही, पण त्यांची जास्वंद बोलायला लागली माझ्याशी. वन्संना फोटो पाठवला, तर त्यांचं उत्तर: बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात.

गुण द्यायचे तर: माठाच्या कल्पनेला पाचपैकी साडेचार, त्या कंपनीच्या माठाला तीन, पॅकिंगला अर्धा, पावडरीला शून्य. ज्यांच्या बाल्कनीत आडवा पाऊस येतो त्यांनी आधी आडोसा करावा. ग्रिलमध्ये ठेवू नका. भरलेले तीन माठ मी एकटी हलवू शकत नाही, यावरून वजनाची कल्पना येईल.

सोसायटीनं करावं का, असंही विचारतात. पालिकेनं 2017 मध्ये 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज 100 किलोहून जास्त कचरा काढणाऱ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. आमची 28 घरांची, त्यामुळे आम्हाला कुणी विचारत नाही. मी सभेत विषय काढला होता. चर्चा पार्किंगवर गेली.

शिरीषाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यात जास्त गळतात, आणि गरज लागते जुलैत. गेल्या वर्षी मला हे कळायला उशीर झाला. ह्या वर्षी मार्चमध्येच अकरा गोण्या भरून जिन्याखाली रचल्या आहेत. परवा सेक्रेटरींची चिठ्ठी आली: जिन्याखालचं सामान सात दिवसांत हलवावे. मी चिठ्ठीच्या मागेच लिहून पाठवलं, मृग लागू द्या, दर आठवड्याला एक गोणी कमी होत जाईल. चिठ्ठी परत आली तर तीही माठातच जाईल, कागद चांगला जाड आहे.